केर्वेलचा मधला आवाज

संगीतावर लिहायचा मला काही अधिकार नाही. तरी लिहितोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि तीही तिशीत, टोरांटोला आल्यावर, संध्याकाळच्या वर्गाची. शिकलो काय, तर टेप कापायला आणि चिकटवायला. पियानोच्या पट्ट्या मोजायला सांगितल्या तर मी आजही चुकेन. पण ही गोष्ट माझ्याशिवाय आता कोणाला फारशी ठाऊक नाही, म्हणून लिहितो. जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

त्या दिवशी स्टुडिओत मादाम ओदील पियानोसमोर बसल्या होत्या आणि त्यांच्या दातांत माझी पिवळी पेन्सिल आडवी धरलेली होती. काचेच्या अलीकडे, कंट्रोल रूममध्ये, माझा प्रोड्यूसर ग्रॅहम, जो मला दानिएलऐवजी डॅन म्हणायचा, खूश होऊन म्हणाला, "डॅन, आता बघ, कसं स्वच्छ येतंय!"

हे सत्तरच्या दशकाच्या मध्यातलं. मी एका रेडिओ स्टेशनवर टेप एडिटर होतो. टेप एडिटर म्हणजे काय, ते सांगतो. तेव्हा आवाज चॉकलेटी रंगाच्या पातळ फितीवर उतरायचा. वक्ता अडखळला, खोकला, खुर्ची कुरकुरली, की तेवढी फीत शोधायची. तिच्या पाठीवर मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरका काप द्यायचा आणि उरलेली दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. ऐकणाऱ्याला सांधा कळता कामा नये. माझे सांधे कळत नसत. मला त्याचा अभिमान होता. पहिल्या वर्षी मी घरी वडिलांना रेवदंड्याला लिहून कळवलं होतं, की मला माणसांचे श्वास काढून टाकायचा पगार मिळतो.

ग्रॅहम तेव्हा केर्वेल नावाच्या एका फ्रेंच संगीतकारावर अर्ध्या तासाचा कार्यक्रम करत होता. हा केर्वेल विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या एका मासेमारीच्या गावात जन्मला. बाप होड्यांची शिडं शिवायचा. घराण्यातला पॅरिसला शिकायला गेलेला हा पहिला. हे वाचलं तेव्हापासून तो मला जवळचा वाटू लागला. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसांत विषारी वायू गेला. पुढे मैफिली बंद, फक्त शिकवण्या. पन्नाशी गाठायच्या आत गेला. मागे राहिल्या पियानोच्या थोड्या रचना. त्यांतल्या सहा तुकड्यांच्या मालिकेचं नाव 'ओहोटी'. तिच्याबद्दल जाणकार म्हणायचे, की वरची सुरावट सुंदर आहे, खालचे सूर भरदार आहेत, पण मधे काही नाही. मधे रिकामं वाटतं.

मादाम ओदील या त्याच्या शेवटच्या शिष्यांपैकी. दुसऱ्या युद्धानंतर नवऱ्याबरोबर कॅनडात आल्या, नवरा गेला, त्या टोरांटोच्या एटोबिको भागातल्या अपार्टमेंटमध्ये राहिल्या आणि आजूबाजूच्या मुलांना पियानो शिकवत राहिल्या. केर्वेलच्या हाताखाली बसून 'ओहोटी' शिकलेलं माणूस त्यांच्याखेरीज हयात नव्हतं. ग्रॅहमला त्या सापडल्या तेव्हा तो लॉटरी लागल्यासारखा नाचत होता.

त्या सत्तरीच्या घरातल्या. स्टुडिओत आल्या ते फरचा कोट, बुटांवर बर्फ, आणि मला फ्रेंच पद्धतीने मस्य, म्हणजे महाशय, म्हणत पहिलं वाक्य, "मस्य दानिएल, तुमचा पियानो थंडीने कुडकुडतोय. त्याला थोडं गरम होऊ दे, मग मी."

मग वाजवलं. सहाही तुकडे, न थांबता. पियानोच्या बरोबरीने टेपवर आणखी एक आवाज येत होता. जाडसर, नाकातला, मधेच चढणारा. मादाम वाजवताना हुंकार देत होत्या.

ग्रॅहम कपाळाला हात लावून म्हणाला, "डॅन, खोलीत गाय कुठून आली?"

त्याचं कोपर टॉकबॅकच्या बटणावर होतं. टॉकबॅक म्हणजे कंट्रोल रूममधलं बोलणं स्टुडिओत ऐकू घालणारा स्पीकर. काचेपलीकडे मादामची मान वळली. ग्रॅहम टोमॅटोसारखा लाल झाला.

मादाम मात्र हसल्या. "गाय इथे आहे. शी, इतकं ऐकू येतं? ही माझी घाणेरडी सवय. शिकत होते तेव्हापासूनची. थांबा, यावर माझ्याकडे इलाज आहे. एक पेन्सिल द्या."

माझ्या खिशात खुणा करायची मेणाची पेन्सिल होती. ती मी दिली. त्यांनी ती रुमालाने पुसली, दातांत धरली आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. हुंकार बंद. शेवटी पेन्सिल काढून म्हणाल्या, "मस्य दानिएल, तुमची पेन्सिल चवीला मेणबत्तीसारखी आहे."

सगळे हसलो. सगळ्यांना हेच हवं होतं. त्यांनाही.

मी तो दुसरा टेक घेतला, पानं उलटल्याचे आवाज काढले, श्वास काढले. पहिल्या टेकची रिळं रिवाजाप्रमाणे पुसायच्या रिळांच्या ढकलगाडीवर ठेवली. टेप महाग असायची. जे वापरायचं नाही ते दर शुक्रवारी एका मोठ्या चुंबकावरून फिरवून कोरं करायचं, पाटी पुसावी तसं. त्या शुक्रवारीही केलं. रविवारी दुपारी कार्यक्रम लागला. कौतुकाचे फोन आले. स्टेशनच्या बड्या साहेबांनी ग्रॅहमला खास बोलावून शाबासकी दिली.

सोमवारी मादामचा फोन आला, तो मात्र ग्रॅहमला नाही, मला.

"फार स्वच्छ झालंय," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही इकडे या. मला काहीतरी दाखवायचंय, आणि ते फोनवर दाखवता येत नाही."

कामावरून सुटल्यावर गेलो. त्यांनी कोट काढायची सवड दिली नाही. 'ओहोटी'चं छापील पुस्तक उघडून समोर ठेवलं.

"काल मी या खुर्चीत बसून रेडिओ ऐकला. हात मांडीवर. तिसरा तुकडा आला आणि माझ्या लक्षात आलं, मी हुंकार देतेय. वाजवत नाहीये, तरी देतेय. आयुष्यात पहिल्यांदा मी तो बाजूला बसून ऐकला. मस्य, ती चाल आहे."

"कसली चाल?"

"दर वेळी तीच. वरच्या आणि खालच्या सुरांच्या मधे चालणारी. ती इथे छापलेली नाही." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "जिथे सगळे म्हणतात रिकामं आहे, बरोबर तिथे."

त्यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "मेत्र, म्हणजे आमचे गुरुजी, माझ्या पाठीमागे बसायचे. खोलीत शेकोटी नसायची. तोंडाभोवती मफलर. मी वाजवायला लागले की मागून आवाज यायचा. मला वाटायचं, छाती घरघरतेय. बिचारे, गॅस लागलेली छाती. मला दया यायची. आणि ते गात होते."

मी विचारलं, "मग त्यांनी लिहून का नाही ठेवलं?"

"कोणास ठाऊक. त्यांना ते इतकं स्पष्ट ऐकू येत असेल, की सगळ्यांनाच येतंय असं वाटलं असेल."

घरी येऊन बायकोला, रूथला, सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "अहो, आपले शालोमकाका आठवतात का?"

आम्ही बेने इस्रायली; शालोमकाका आमच्या गावच्या सिनेगॉगमधले हजान, म्हणजे प्रार्थना म्हणवणारे. एका ठरावीक ओळीआधी ते खोकायचे. ते वारले, त्यांच्या जागी त्यांचा पुतण्या आला. तरणाताठा, छाती ठणठणीत, पण त्या ओळीआधी तोही खोकायचा. तो प्रार्थनेचाच भाग आहे, अशी त्याची समजूत होती.

"पण तो तर नुसता खोकला होता गं," मी म्हणालो.

"हो ना. खोकला होता तो टिकला," रूथ म्हणाली. "आणि हे गाणं होतं, ते तुम्ही लोकांनी पुसलं."

ती फटकळ आहे. मी जेवलो नाही नीट.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिळांच्या खोलीत गेलो. शुक्रवारची सगळी रिळं कोरी होऊन, लेबलं काढून, फडताळात परत लागली होती. कुठलं कुठलं, हेही कळायला मार्ग नव्हता. मी ग्रॅहमकडे गेलो.

"पुन्हा रेकॉर्ड करू," मी म्हणालो.

"कशासाठी? कार्यक्रम झाला, डॅन."

"तो हुंकार केर्वेलचा आहे."

त्याने चष्मा काढला. ग्रॅहम मनाने वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. त्याने सगळं ऐकून घेतलं, आठवड्याअखेर एक रिकामा स्टुडिओ मिळवला, आणि त्या दिवशी टॉकबॅकपासून लांब, हाताची घडी घालून बसला.

मादाम आल्या. पियानो आधीच गरम करून ठेवला होता. त्यांनी सुरुवात केली.

हुंकार येईना.

म्हणजे आवाज येत होता, पण तो परीक्षेला बसलेल्या मुलीचा आवाज होता. वरच्या सुरावटीमागे फरफटत जाणारा. त्या थांबल्या, पुन्हा सुरू केलं. या खेपेला निराळंच काही आलं. पुन्हा. आणखी निराळं. कोणतं खरं, ते त्यांनाच सांगता येईना.

"आता मी ऐकतेय ना," त्या शेवटी म्हणाल्या, "म्हणून येत नाही."

ग्रॅहम हळूच म्हणाला, "मादाम, विसरून वाजवा."

"तुम्ही विसरून दाखवा बघू, मस्य, की तुम्हाला नाक आहे."

त्यानंतर तो हिवाळाभर मी पोर्टेबल रेकॉर्डर घेऊन एटोबिकोला जात राहिलो. त्यांनी स्वतःच सुचवलं, की मला न सांगता सुरू करत जा. मी कॉफी पिता पिता बटण दाबायचो. त्यांना कळायचंच. कधी त्या अर्धं पान छान वाजवायच्या, घशातून काहीतरी उमलायला लागायचं, आणि लगेच त्यांचा चेहरा सावध व्हायचा. मांजर पाठीमागून यावं आणि आपण वळून बघितल्यावर पळावं, तसं ते जायचं. मला ती चाल म्हणून दाखवता आली असती तर! पण मी तर ती एकदाच ऐकली होती, आणि ती सुद्धा काढून टाकायचा आवाज म्हणून. आमचा कान तसाच तयार केलेला असतो.

एकदा मी विचारलं, "तुमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी 'ओहोटी' शिकलंय का?"

"अख्खी एकाच जणाने शिकली. ग्लेन. पलीकडच्या बिल्डिंगमधला. फार गुणी पोरगा, कानाने सगळं टिपायचा. आता इंजिनिअर झालाय, कॅल्गरीला, तेल कंपनीत." मग त्यांचे डोळे एकदम चमकले. "मस्य दानिएल, मी त्याच्या शेजारी बसून वाजवायचे. वर्षानुवर्षं!"

पुढचं त्यांना बोलावं लागलं नाही. त्यांना मेत्रकडून, ग्लेनला त्यांच्याकडून. आम्ही दोघंही वेड्यासारखे हसायला लागलो.

त्याचा पत्ता त्यांच्याजवळ होता तो जुना निघाला. कंपनीत फोन केला तर कळलं, की तो परदेशी साइटवर आहे, कधी परतेल सांगता येत नाही. मी निरोप ठेवला. पुन्हा ठेवला. मधल्या काळात मादाम बर्फावर घसरून पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. त्यांच्या भाचीने त्यांना ग्वेल्फला आपल्या घराजवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. तिथे पियानो होता, पण हात वळत नव्हता. मी भेटायला जायचो तेव्हा त्या पहिला प्रश्न विचारायच्या, "कॅल्गरीहून काही?" मी मान हलवायचो. त्या म्हणायच्या, "येईल. तेलवाल्यांना वेळ लागतो." दुसऱ्या वर्षी त्या गेल्या. झोपेत गेल्या, असं भाचीने कळवलं. मी तिला विचारलंसुद्धा, की शेवटी शेवटी त्या काही गुणगुणत होत्या का. तिला प्रश्नच कळला नाही. तिची चूक नाही.

या धंद्यात मी अजून आहे. नवीन मुलं हाताखाली येतात, त्यांना सांगतो, की काढून टाकाल ते आठवडाभर तरी बाजूला ठेवा. स्वच्छ म्हणजे पूर्ण नव्हे. मुलं मान डोलावतात आणि शुक्रवारी चुंबकावर नेतात, कारण फडताळात जागा नसते. जागा खरंच नसते.

गेल्या हिवाळ्यात एक दिवस दुपारी स्टेशनवर माझ्यासाठी फोन आला. माणूस म्हणाला, "माझं नाव ग्लेन. मी बरीच वर्षं आखातात होतो. कॅल्गरीच्या ऑफिसात जुने निरोप मिळाले. सगळे तुमचेच होते. मादाम कशा आहेत?"

मी सांगितलं. तो हळहळला. मग म्हणाला, की अजून वाजवतो, घरी पियानो आहे, आणि 'ओहोटी' अख्खी पाठ आहे. मी रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला.

"एक विचारू?" मी म्हणालो. "वाजवताना तुम्ही गुणगुणता का?"

तो मोठ्याने हसला. "तुम्हाला कोणी सांगितलं? लहानपणी सारखा! आई वैतागायची. मादामनी सोडवली ती सवय. दातांत पेन्सिल धरून वाजवायला लावायच्या. वर्षभर लागलं, पण गेली ती कायमची. फार चांगल्या टीचर होत्या."

"आणि ती चाल? तुम्ही गुणगुणायचात ती?"

"चाल?" तो म्हणाला. "चाल कसली? तो नुसता आवाज होता."