न छेडलेला गंधार

चाळिशी उलटल्यावर गाणे शिकायला जाण्याचा मला मनातून संकोच वाटत असे. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत होतो. पंचवटीतल्या ज्या बाईंकडे मी शिकू लागलो, त्या मला ‘प्रोफेसर’ म्हणत. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मला कधीच ठरवता आले नाही. ऐंशीच्या दशकाच्या आरंभीची ही गोष्ट.

बाईंचा एक नियम होता. तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून, कोणी न छेडता, गंधार उमटतो. तो ऐकू आल्याखेरीज षड्जाच्या पुढचा स्वर त्या देत नसत. माझ्यानंतर आलेल्या शाळकरी मुली भूप गाऊ लागल्या, तरी मी षड्जावरच होतो.

“ऐकू आला, प्रोफेसर?”

“नाही, बाई.”

“मग लावा सा.”

हा गंधार कसा निर्माण होतो, ते मी फळ्यावर सिद्ध करू शकत होतो. कानाला मात्र तो येत नव्हता. आपल्याला कानच नसेल तर शिकवणी थांबवणे बरे, असे वाटू लागले होते. शेवटचा उपाय म्हणून बाईंच्या परवानगीने तानपुरा कॅसेटवर घेतला आणि चांगले स्पीकर घेऊन तो घरी ऐकायचे ठरवले.

मेन रोडवरच्या दुकानात पत्नीही बरोबर होती. दुकानदाराने दोन जोड्या मांडल्या आणि त्यांची माहितीपत्रके माझ्या हातात दिली. कोणता स्वर किती जोरात वाजतो ते दाखवणाऱ्या आलेखाची रेघ पहिलीच्या पत्रकात पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. दुसरीच्या रेघेला मधेच एक उंचवटा होता. ऐकण्यापूर्वीच मी मनाने पहिली जोडी घेऊन टाकली.

“अंबडच्या कारखान्यांतले इंजिनियर लोक हीच नेतात, साहेब. बास ऐका, बास!” असे म्हणत त्याने एक सिनेगीत लावले. कपाटाची काच थरथरली. मी भीत भीत माझी कॅसेट पुढे केली. थोडा वेळ तानपुरा ऐकून तो म्हणाला, “साहेब, गाणं कधी सुरू होणार?”

“हेच आहे,” पत्नी शांतपणे म्हणाली.

पहिल्या जोडीवर मला काही ऐकू आले नाही. दुसरी लावली तेव्हा माझे बोट आलेखातल्या उंचवट्यावर होते.

“अहो, तो कागद इकडे द्या बघू. ऐकायला आलोय ना आपण?” तिने दोन्ही पत्रके पिशवीत मेथीच्या जुडीखाली सरकवली.

रिकाम्या हातांचे काय करावे ते कळेना. मी फरशीकडे पाहत राहिलो. तेव्हा तारांच्या थोडा वर, ओठ मिटून कोणी गुणगुणावे तसा, तो उमटला. मी पुन्हा पहिली जोडी लावायला सांगितली. तिथेही तो होता; जरा फिका, पण होता.

आम्ही दुसरी जोडी घेतली. घरी हिशेब केला तर गंधार नेमका त्या उंचवट्याखाली येत होता. स्पीकरच्या दोषानेच मला कान दिला, असे मी पत्नीला समजावले.

“असेल,” मेथी निवडत ती म्हणाली, “पण ऐकू आला तो कागद पिशवीत गेल्यावर.”

दोघांपैकी कोणाचे खरे, हे तपासायला तो स्वर मला पुन्हा ऐकू येईनासा व्हायला हवा होता. आणि ते आता शक्य नव्हते.

पुढच्या शिकवणीला बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. “आला,” मी म्हणालो. त्यांचा विश्वास बसला नसावा. “खाली बघा,” म्हणाल्या आणि छेडता छेडता त्यांनी सूर बारीक जुळवायचा खर्जाच्या तारेचा मणी किंचित हलवला.

“आता?”

“गेला.”

त्यांनी मणी पुन्हा जागेवर आणला.

“आता?”

“आला, बाई.”

मग म्हणाल्या, “लावा रिषभ.”

मी तो इतका हळू लावला की बाई तानपुऱ्यावर ओणवून कान देऊ लागल्या.

“अहो प्रोफेसर, हाही न छेडता आपोआप यायचा आहे का?”