ह्यांनी लावला की सुरू, मी लावला की गप्प

मैत्रिणींनो, आज सकाळी आमच्या घरातलं एक कोडं सुटलं.

अहमदपूरजवळ आमची आंब्याची बाग आहे. तिच्यासाठी मिनी ट्रॅक्टर घेऊन दोन महिने झाले. आमच्या ह्यांनी किल्ली फिरवली की लगेच सुरू. मी फिरवली की साधा आवाजही नाही.

"त्याला बी माणूस कळतंय," हे हसून म्हणायचे. मला काही पटत नव्हतं. कोण बसलंय ते यंत्राला कसं कळणार?

आज म्हटलं, "तुम्ही लावा, मी खाली बसून बघते." मी फक्त त्यांचे पाय बघितले. क्लच पार तळाला गेला, तेव्हाच इंजिन लागलं. मग मी चढले. माझ्या पायानं तो चार बोटं वरच राहत होता!

घरातून वाकळ, म्हणजे जाड गोधडी, आणली, घडी करून पाठीमागं लावली, पुढं सरकून क्लच पूर्ण दाबला. लागला की!

मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "हाव ताई, तिथं स्विच असतोय. क्लच पूर्ण दाबल्याबिगर चालूच होत न्हाई."

"मला तरी कुठं ठाव होतं?" हे म्हणाले आणि बांधावर जाऊन उभे राहिले. मी ट्रॅक्टर चालवत झाडांच्या दोन ओळींमधलं तण काढलं.

कमी उंचीच्या बायांनो, तुम्ही ट्रॅक्टरवर कशा बसता? वाकळीपेक्षा बरा उपाय असेल तर सांगा.