वकिलांविषयी आदराने लिहावे

"कोट्यातून वकील झालेल्यांनी इथे कायदा शिकवू नये. बाई, तुम्ही आपली भाषांतरं करा."

टोकियोतल्या मराठी वकिलांच्या ऑनलाइन गटात हे वाक्य माझ्या मजकुराखाली आलं. त्याखाली चार हसरे चेहरे. लिहिणारे गटातले सर्वांत ज्येष्ठ वकील. भाडेकरारातल्या एका कलमाचा त्यांनी चुकीचा अर्थ सांगितला होता. मी मूळ जपानी मजकूर जोडून तो दुरुस्त केला होता. एवढंच.

गटाचा पहिला नियम : वकिलांविषयी आदराने लिहावे. इथल्या रिवाजाप्रमाणे वकिलाच्या नावापुढे 'सेन्सेई' लावायचं. घाईत माझ्याकडून ते राहिलं. मला मात्र कुणी कधीच लावलं नव्हतं.

जिल्हा न्यायालयात मी नऊ वर्षं वकिली केली. नवऱ्याच्या नोकरीमुळे टोकियोतल्या निशी-कसाईला आले. माझी सनद इथे चालत नाही. त्या ज्येष्ठ वकिलांचीही नाही.

गेल्या महिन्यात गटाच्या जेवणात त्यांनी माझं आडनाव विचारलं. मग गाव. मग काहीच विचारलं नाही.

मी तक्रार केली. गट चालवणाऱ्याचा फोन आला.

"ताई, सेन्सेई न लावता लिहिलंत तुम्ही. नियम तुम्ही मोडलात. दोन ओळींची माफी टाका, विषय संपवू."

"आणि त्यांनी लिहिलं ते?"

"त्यात शिवी कुठे आहे?"

शिवी नव्हती. मी वाक्य पुन्हा वाचून पाहिलं.

भाषांतराचं माझं सगळं काम त्या गटातूनच यायचं. नवरा म्हणाला, "टाक की माफी. इथे तरी आपली जात कुणी काढणार नाही म्हणून आलो ना? आता तूच कशाला चर्चा वाढवतेस?"

मी माफी लिहायला घेतली. अर्ध्यावर पुसली. तिच्या जागी त्यांचं वाक्य टाकलं, जसंच्या तसं. खाली त्यांचं पूर्ण नाव, पुढे सेन्सेई. माझा एकही शब्द नाही.

दहा मिनिटांत मला गटातून काढलं. एका मैत्रिणीने खासगीत लिहिलं, "फार ताणलंस गं." त्यानंतर कुणाचंच काही आलं नाही. कामही नाही.

मला आणि त्या ज्येष्ठांना सनद देणाऱ्या भारतातल्या वकील परिषदेकडे मी तक्रार पाठवली आहे. परदेशातल्या एका गटातलं एक वाक्य. त्याचं काय होणार, हे मला वकील म्हणून ठाऊक आहे. परत आली तर पुन्हा पाठवीन. माफी मागणार नाही.