फ्रेमला घातलेला हार

माझा एक वाईट स्वभाव आहे. समोरच्याला काय हवं आहे ते त्याच्या आधी मला कळतं, असं मला वाटतं. बरीच वर्षं शाळेत शिकवून ही खोड लागली असावी. नवरा याला मास्तरकी म्हणतो. आईला डिजिटल फोटोफ्रेम द्यायची, हेही मी असंच परस्पर ठरवून टाकलं.

कारण मात्र खरं होतं. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि घरात त्यांचा धड फोटो नव्हता. म्हणजे भिंतीवर एक होता. तेराव्याच्या गडबडीत भावाने आधार कार्डावरचा फोटो स्टुडिओत दिला आणि स्टुडिओवाल्याने तो मोठा करताना बाबांना निळा कोट आणि टाय चढवून दिला. जन्मभर अंगात बंडी, डोक्याला टॉवेल, नाचणीच्या शेतात वाकून वाकून पाठीला पोक आलेला माणूस, आणि भिंतीवर एखाद्या कंपनीचा मॅनेजर! आई रोज त्या फोटोला उदबत्ती ओवाळायची, त्याच्यावरचा चंदनाचा हार पुसायची, पण चेहऱ्याकडे बघायची नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, "ह्यो कोन सायब हाय, ठाव नाय. तुझ्या बाबांसारका दिसत नाय गो."

ते ऐकून मला फार वाईट वाटलं. आम्हा सगळ्यांच्या मोबाइलमध्ये बाबा शेकड्यांनी होते. हसणारे, चिडलेले, जेवताना 'पुरे' म्हणून ताटावर हात आडवा धरणारे. फक्त आईकडे नव्हते. तिच्या साध्या फोनवर फोटो येत नाहीत आणि माझ्या फोनवर तिचं बोट लागलं की फोटो सटकन निघून जातो. मग आपण काही बिघडवलं या भीतीने ती फोन लगेच माझ्या हातात देते.

महाडच्या बाजारपेठेत दुकानदाराने माझ्यासमोर तीन फ्रेमा मांडल्या. "मॅडम, वायफायवाली घ्या. मुंबईहून फोटो पाठवला की आजींच्या समोर हजर." भाऊही मुंबईहून फोनवर हेच सांगत होता. आमची वाडी पोलादपूरवरून उमरठच्या अंगाला, वर. तिथे फोनला रेंज हवी असेल तर देवळामागच्या कातळावर जाऊन उभं राहावं लागतं. तिथे कसलं आलंय वायफाय? "तू गावाला येऊन किती दिवस झालेत ते कळतंय हो," असं मी भावाला सुनावलं. मी मेमरी कार्डावर चालणारी फ्रेम धरली. मग आकारावर घोडं अडलं. आईच्या एकाच डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, म्हणून लहान नको. पांढरा काठ छान दिसत होता, पण चुलीच्या धुराने महिन्याभरात त्याचा रंग काय झाला असता ते मला दिसत होतं. काच उजेडात चकाकते का, हे बघायला मी फ्रेम घेऊन दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिले. दुकानदाराने हात टेकले. शेवटी लाकडी रंगाची, त्यातली सगळ्यात मोठी फ्रेम घेतली आणि स्वतःवर खूश होऊन घरी आले.

फोटो निवडायला दोन दिवस लागले. दवाखान्यातले सगळे बाजूला ठेवले. बाबांच्या मधेमधे नातवंडं, लग्नं, गणपती, लावणीच्या वेळचे चिखलात बरबटलेले आम्ही, असे मिसळून घातले. एकसारखे बाबाच आले तर आईला रडू येईल, असा माझा शहाणा विचार. दर दहा सेकंदांनी फोटो बदलेल, अशी सोय केली.

रविवारी फ्रेम घेऊन वाडीवर गेले. खोका उघडताना आई म्हणाली, "टीवी हाय ना एक? ह्यो दुसरा कशाला?" मी प्लग लावला. पहिलाच फोटो बाबांचा. डोक्याला टॉवेल, हातात बशी, गाल फुगवून चहावर फुंकर घालतायत. आई बसल्या जागी पुढे सरकली. "ह्ये बग," ती म्हणाली, "ह्ये हायत ते." आणि डोळ्यांना पदर लावला. मलाही भरून आलं. पण खरं सांगायचं तर मनातून मी स्वतःची पाठ थोपटत होते. थोड्या वेळाने परतीची एसटी होती, म्हणून निघाले.

बुधवारी भावाचा फोन आला, तो तणतणतच. "ताई, तू आईला काय देऊन आलीस? दिवसातून चारदा कातळावर चढून फोन करते. पोर बरं हाय ना, पोराला बाहेर पाठवू नको, पोराची दृष्ट काढ. आणि माझ्या पोराला नेमका ताप आलाय. आता ती काही ऐकायलाच तयार नाही."

पुढच्या रविवारी गेले तर फ्रेम दिसेना. आईने ती जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली होती. भाकऱ्या झाल्या, जेवणं झाली, मग हळूहळू सांगितलं. मी गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून तिने प्लग लावला. बाबा आले. आमच्याकडे हार घालतात तो गेलेल्या माणसाच्या फोटोला. जिवंत माणसाच्या फोटोला चुकूनसुद्धा कुणी घालत नाही. आईने भिंतीवरच्या कोटवाल्याचा चंदनाचा हार उतरवला, तो या फ्रेमला घातला, हात जोडले आणि डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा हारात तिचा सहा वर्षांचा नातू होता. आइस्क्रीम खात हसत होता.

मी रेंजचा विचार केला, धुराचा केला, मोतीबिंदूचा केला, आणि जिच्या घरात लहानाची मोठी झाले ती आई सकाळी उठून काय करील, एवढं मला सुचलं नाही. लाज वाटली, आणि लाज वाटली की मी जास्त बोलते. "अगं, हे यंत्र आहे. पोराला साधा ताप होता, उतरलासुद्धा."

"तू मला शिकवू नको," आई म्हणाली. "गेलेली आनि असलेली एका चौकटीत नकोत."

हार तिने त्याच दिवशी परत भिंतीवर चढवला होता. मी म्हटलं, बरं, मग बाबांचे फोटो यातून काढून टाकते. त्यांचा चांगलासा एक कागदावर छापून आणते, तो भिंतीला लावू. यात नुसती पोरंबाळं राहतील. "मंग कर तसा," आई म्हणाली. "पन काढायच्या आदी एकेक मला दाव."

मी फ्रेम लावली आणि रिमोट घेऊन तिच्या शेजारी बसले. चहावर फुंकर घालणारे बाबा आले. तिने बघून घेतलं, मान हलवली, मी काढून टाकले. बैलाच्या पाठीवरून हात फिरवणारे बाबा काढले. ताटावर हात आडवा धरलेले काढले. दर वेळी ती "हं" म्हणायची आणि मला वाटायचं, आपण हे काय करतोय? एका माणसाला त्याच्या बायकोसमोर दुसऱ्यांदा घराबाहेर काढतोय. असे सहा झाले.

सातवा शिमग्यातला होता. पालखीच्या गर्दीत बाबांनी नातवाला खांद्यावर घेतलंय. पोराने त्यांच्या टॉवेलचा पार बोळा केलाय आणि बाबांनी त्याचे दोन्ही घोटे घट्ट धरलेत. गेलेला आणि असलेला, एकमेकांना चिकटून. हा तर ती आधी काढायला लावील म्हणून मी रिमोटवर अंगठा ठेवला. आईने माझं मनगट धरलं.

"ह्यो नको."

"आई, यात दोघं आहेत."

"म्हनून तर नको. पोराला त्यांनी धरलाय." ती फोटोकडेच बघत होती. "त्यांना काढलंस तर पोर पडंल."

दहा सेकंदांनी फोटो बदलला. आईने मनगट सोडलं नाही. म्हणाली, "काढलेस ते परत घाल गो सगळे. हार भितीवर हाय तितंच बरा." मी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि सहाही फोटो परत घातले.