धुक्याने झेललेला फणस

लोणावळा शहरातील, त्यातही आमच्या सोसायटीतील, त्यातही ए विंगमधील तमाम रहिवाशांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, भारतीय साहित्याचे केंद्र येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता आपल्या पार्किंगमध्ये हलविण्यात येत असून, तत्पूर्वी सर्वांनी आपापल्या गाड्या बाहेर काढाव्यात. ज्यांच्या गाड्या निघणार नाहीत, त्यांना साहित्यविरोधी समजण्यात येईल.

ही सूचना मीच लिहिली होती. शेवटचं वाक्य अध्यक्षांनी खोडलं, म्हणून ते मी जिन्यात उभं राहून मोठ्याने म्हणून दाखवलं. गणपतीत सूत्रसंचालन करणाऱ्या माणसाला एवढी मुभा असतेच.

घडलं होतंही तसंच. दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या बेनना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. देशातल्या एकेका भाषेतल्या एकेका पुस्तकाला दरवर्षी दिल्लीहून मिळतो, तो. गुजरातीतला यंदा बेनच्या कथासंग्रहाला. इतकी वर्षं आम्ही बेनना ओळखत होतो ते त्यांच्या हातच्या खाकऱ्यांसाठी. त्या काहीतरी लिहितात हे कानावर होतं, पण कुणी स्वेटर विणतं, कुणी लिहितं, इतपतच आमची समज. बाजारातल्या गुजराती दुकानदारांनीही पुस्तक घेतलं आणि काचेच्या कपाटात ठेवून ते मोकळे झाले.

अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "पुरस्कार सोसायटीच्या नावावर घेता येतो का हो?"

"अहो, पुस्तक त्यांचं आहे."

"पण लिहिलं कुठे? आपल्या इमारतीत. पंपाचं पाणी पिऊन."

तळमजल्यावरचे आबाही खूश होते. ही इमारत उभी आहे ते भाताचं खाचर त्यांचंच. बदल्यात त्यांना दोन फ्लॅट मिळाले. मागच्या कुंपणाजवळचा फणस त्यांच्या वडिलांनी लावलेला. "हितं ऱ्हाऊन दिल्लीला नाव न्यायचं म्हंजे लय झालं," असं ते पेपर टाकणाऱ्यापासून गवळ्यापर्यंत सगळ्यांना सांगत होते.

रविवारच्या सत्काराच्या आदल्या दिवशी बेननी मला घरी बोलावलं. चेहरा असा, जणू पुरस्कार नव्हे, नोटीस आली आहे.

"भाई, तुम्ही पुस्तक वाचलंय ना?"

वाचलं होतं. नोकरीपायी काही वर्षं बडोद्यात काढल्यामुळे इमारतीत गुजराती वाचता येणारा मी एकटाच. आणि काय मजेत वाचलं म्हणून सांगू! त्या पुस्तकात आम्हीच होतो. पार्किंगची भांडणं होती. शनिवारी मुंबईहून येऊन, भिंतीवरची बुरशी जणू आम्हीच पेरली अशा थाटात ओरडणारे फ्लॅटमालक होते. चौथ्या कथेत जिन्यात किती वाजले विचारलं तर आधी नांदी म्हणणारा एक गृहस्थ होता. ते पान मी घरी वाचून दाखवलं, तेव्हा बायकोने पुस्तकाची स्वतःसाठी वेगळी प्रत मागितली.

"गुजरातीत होतं म्हणून लिहिलं हो," बेन म्हणाल्या. "इथे कोण वाचणार होतं? दिल्लीवाल्यांनी घात केला. आता म्हणे सगळ्या भाषांत जाणार. मराठीतसुद्धा."

"येऊ दे की."

"आणि फणस?"

फणस ही संग्रहातली शीर्षककथा. जूनमधल्या एका धुकट पहाटे बेननी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं होतं : आमचे अध्यक्ष, डोक्याला कानटोपी, हातात कोयता, सोसायटीच्याच शिडीवर चढून सोसायटीचाच फणस कापताहेत. त्याच संध्याकाळी फलकावर त्यांच्याच सहीने सूचना लागली : 'माकडांचा उपद्रव वाढला आहे.' देठ सुबक कापलेला होता. त्यावर समितीची बैठक झाली आणि पर्यटकांच्या संगतीने लोणावळ्याची माकडं फार पुढे गेली आहेत, असा निष्कर्ष निघाला.

"माझा पाय मोडला, तेव्हा त्यांच्या घरचा डबा आला मला. त्यांच्या बायकोबरोबर रोज संध्याकाळचा चहा," बेन म्हणाल्या. "हे कळलं तर कुठल्या तोंडाने राहू? या वयात दुसरी इमारत, दुसरी माणसं कुठून आणू? भाई, उद्या शाल द्या, नारळ द्या आणि संपवा. वाचू मात्र काही नका."

मी शब्द दिला.

रविवारी पार्किंग भरलं. जानेवारीचा गारठा होता. शाल झाली, नारळ झाला. मी आभाराकडे वळणार, तोच अध्यक्षांनी टेबलावरचं पुस्तक उचललं आणि मुखपृष्ठ पाहून ओरडले, "अरे, हा तर आपला फणस!" त्यांनी ते सगळ्यांना फिरवून दाखवलं. "आपल्या सोसायटीचा फणस राष्ट्रीय पातळीवर गेला! ते काही नाही, फणसाची गोष्ट वाचा. मराठीत सांगा."

टाळ्या पडल्या. बेननी मांडीवरचा नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरला.

आता मी वाचता वाचता मराठी करणार होतो, म्हणजे मखलाशीला वाव होता. पहिल्याच ओळीतल्या अध्यक्षाला मी सेक्रेटरी केलं. समोर आमच्या सेक्रेटरींनी वडा परत बशीत ठेवला. घाईघाईने खजिनदार केलं, तर खजिनदारांच्या पत्नीने यजमानांकडे वळून पाहिलं. शेवटी 'एक सद्गृहस्थ' म्हणालो आणि सुटलो. पण गोष्टच इतकी झकास, की पुढे मला राहवेना. शिडीची करकर केली. कानटोपी डोळ्यांवर घसरते ते करून दाखवलं. माकडांच्या बैठकीला तर मी तीन आवाज काढले.

मग ते प्रसिद्ध वाक्य आलं. "देठ तुटला. फणस खाली गेला, पण पडल्याचा आवाज आला नाही. धुक्यानेच तो झेलला असावा."

इथे मी थांबलो आणि माहिती पुरवली, की या वाक्यावर मोठमोठे समीक्षक खूश आहेत. हे धुकं म्हणजे अपराध पोटात घेणारं समाजाचं मौन आहे, असा अर्थ त्यांनी लावला आहे. पार्किंगने आदराने मान डोलावली. फक्त पहिल्या रांगेत आबा खुर्चीत चुळबुळ करत होते.

आणि अध्यक्ष? ते हसत होते! मांडीवर थापा मारत, खिशातली कानटोपी काढून तिने डोळे पुसत. "असले नमुने असतात हो! हा बी विंगमधलाच असणार, बघा!" त्यांच्या पत्नी मात्र हसत नव्हत्या. त्या कानटोपीकडे बघत होत्या. बेनची नारळावरची बोटं हळूहळू सैल झाली. माझ्याकडे बघून त्या पहिल्यांदा हसल्या. पुस्तक खुशाल मराठीत आलं असतं; ज्याच्यावर आहे त्यालाच पत्ता लागणार नव्हता.

मी पुस्तक मिटलं, माइक जवळ ओढला, आणि आबा उभे राहिले. लग्नाच्या पत्रिकेतून नाव गळालेल्या मामासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

"बेन, ह्ये काय बरं न्हाई केलंत!" ते म्हणाले. "शिडीवरचं अध्यक्ष दिसलं, त्यांची टोपी दिसली, अन् खाली पोतं धरून मी हुबा व्हतो, त्ये धुकं व्हय?"