सात नंबरचं कुलूप

कारखान्यात त्याला सगळे सूतमामा म्हणत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चौतीस वर्षं त्यानं फिटरचं काम केलं, आणि दुसऱ्याच्या कामात सूतभर फरक दिसला की "काढ, परत बसव" एवढंच म्हणायचा. लोक पाठीमागे हसायचे आणि मशीन बंद पडलं की त्यालाच शोधत यायचे.

तो निवृत्त झाल्यावर सहा वर्षांनी कारखान्याचा बॉयलर फुटला. अकरा माणसं गेली. कशानं फुटला, ते चौकशीवाले चार महिने झाले तरी शोधतच होते. तोवर कंपनीनं एक सभागृह घेतलं, गोलात खुर्च्या मांडल्या आणि मेलेल्यांच्या घरच्यांसाठी एक शिकलेली तरुण बाई नेमली. दर गुरुवारी ती सगळ्यांना म्हणायची, "बोला ना, मन मोकळं करा." लोकांनी तिचं नाव बोलाबाई ठेवलं. येणारे चहा प्यायचे, जमिनीकडे बघायचे आणि उठून जायचे.

"चार महिन्यांत एक माणूस धड बोललेला नाही, मामा," सभागृहात डोकावलेल्या सूतमामाला ती एकदा वैतागून म्हणाली.

"गोलात खुर्च्या मांडून कोण बोलतं?" सूतमामा म्हणाला. "हाताला काम नसलं की माणसाला तोंड उघडायचीही लाज वाटते."

मग एका सोमवारी कारखान्याच्या गेटावर कागद लागला. कपडे बदलायच्या खोलीला रंग देणार, म्हणून मेलेल्या कामगारांचे लॉकर शुक्रवारी दुपारी बारा वाजता तोडले जातील. सामान पोत्यात भरून गेटावर मिळेल. कागद वाचून मामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तसाच साहेबांच्या खोलीत शिरला.

"मामा, कटर लावला की कुलूप अर्ध्या मिनिटात तुटतं," साहेब म्हणाले. "अकरा कुलपं, सहा मिनिटं."

"साडेपाच."

"बरं, साडेपाच. मग अडचण काय?"

"ते कुलूप त्या माणसानं त्या सकाळी स्वतःच्या हातानं लावलंय. तुम्ही ते तोडून, वर पोतं देणार? घरच्या माणसाला येऊ द्या, चावीनं उघडू द्या."

"आणि चाव्या कुठायत?"

"त्यांच्या खिशात होत्या."

साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाले, "शुक्रवारी बारा. एक मिनिट वर नाही."

घरी बायकोनं ऐकून घेतलं आणि भांडं जरा जोरातच खाली ठेवलं. "घरातल्या कपाटाची कडी दोन वर्षं लोंबकळतेय. तिच्यासाठी नाही कधी आग लागली कुठे!"

"ती कडी माझी आहे. ती कुठे पळून जात नाही."

"तेच म्हणते मी. परक्यांच्या कड्या बऱ्या दिसतात तुम्हाला."

पण सकाळी डबा भरून दिला आणि चष्म्याची काच तिनंच पुसून दिली.

काम सोपं नव्हतं. कोरी चावी मेणबत्तीवर धरून काळी करायची, कुलपात घालून फिरवायची, बाहेर काढून काजळी कुठे खरवडली ते बघायचं आणि तेवढ्याच जागी कानस मारायची. एका चावीला दीड-दोन तास. कानस एकदा जास्त फिरली की चावी गेली, पुन्हा नवी. मामा लॉकरच्या खोलीतल्या बाकावर चावी घट्ट धरायला छोटा वाईस बसवून पाठ मोडेपर्यंत घासत बसला. चावी फिरली की कुलूप पुन्हा लावून ठेवायचा आणि घरच्यांना बोलवायचा. लॉकर कुणाचा, ते ऑफिसच्या वहीत होतंच. अकरा नावं, अकरा नंबर.

लोक आले. कुणी दार उघडून नुसतं आत बघत राहिलं. एकानं भावाच्या शर्टाची घडी घातली, उलगडली, परत घातली. एक बायको म्हणाली, "बघा, आरसा इथे आणून ठेवलाय, आणि मी घरभर शोधतेय." आणि हसता हसता तिला रडू आलं. मामा पाठ करून पुढची चावी घासत राहिला.

बुधवारी बॉयलरवाल्या मुलाची आई आली. मुलगा सव्वीस वर्षांचा, बॉयलरच्या दाबाच्या काट्यावर लक्ष ठेवायचं काम त्याचं. वहीत त्याच्यापुढे बावीस नंबर होता. आईनं बावीस उघडला. आत टॉवेल, गुडघ्याला चोळायचं तेल आणि चष्म्याचं घर. तिनं चष्मा काढून डोळ्यांसमोर धरला. काच चांगलीच जाड.

"त्याला चष्मा नव्हता," ती म्हणाली.

मामानं ऐकलं. पण पाच कुलपं बाकी होती आणि हातात अर्धी घासलेली चावी होती. "पोरं घरी सगळंच कुठे सांगतात," एवढं बोलून त्यानं मान खाली घातली. आई सामान घेऊन गेली.

शुक्रवारी सकाळी बोलाबाई घाईघाईनं आली. चेहरा उतरलेला.

"मामा, काल ती आई बोलली. सगळ्यांसमोर उभी राहून बोलली. म्हणाली, माझ्या मुलाचे डोळे अधू होते, त्यानं ते लपवलं, त्याला काटा दिसला नसणार. बाकी दहाही जणांना माझ्याच पोरानं मारलं. आणि हात जोडून सगळ्यांची माफी मागत होती."

"आणि लोक?"

"दोघं उठून निघून गेले."

मामानं हातातली कानस खाली ठेवली. आईचं बुधवारचं वाक्य त्याला आठवलं, पण कुठे चुकलं ते अजून नीट कळत नव्हतं. तेवढ्यात पॅकिंगवाल्याची बायको आली. तिचा नवरा निवृत्तीला एक वर्ष राहिलं असताना गेला होता. वहीत त्याचा नंबर सात. तिनं चावी लावली, दार ओढलं आणि मागे वळली.

"हे काय? हे आमच्या ह्यांचं नाही. फुटबॉलचे बूट! ह्यांचे गुडघे धड वाकत नव्हते, आणि फुटबॉल कुठून खेळणार? ह्यांचा चष्मा कुठाय? त्याच्याशिवाय ह्यांना ताटातला भात दिसत नव्हता."

मामानं खालच्या रांगेकडे बघितलं, मग वरच्या.

सात नंबर खालच्या रांगेतला, बावीस वरच्या. गुडघे गेलेल्या माणसाला वाकावं लागू नये म्हणून तरुणानं त्याला वरचा लॉकर द्यायचा आणि खालचा आपण घ्यायचा. ऑफिसला कळवायचं नाही, कारण कळवलं तर अर्ज करा म्हणतात. ही रीत कारखान्यात वीस वर्षं चालत आली होती. आणि ती सुरू केली होती खुद्द मामानं, स्वतःचा गुडघा धरला तेव्हा. सूतभर फरक चालवून न घेणारा माणूस ऑफिसच्या वहीवर डोळे मिटून विसंबला होता.

"वहिनी, चला माझ्याबरोबर," तो म्हणाला.

आईचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. टॉवेल धुऊन दोरीवर वाळत घातलेला. चष्मा फळीवर, मुलाच्या फोटोशेजारी. मामानं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. पॅकिंगवाल्याची बायको फळीकडे बघून हळूच म्हणाली, "डावी काडी मी दोऱ्यानं बांधून दिली होती. बघा, निळा दोरा असेल."

आईनं चष्मा उचलला. निळाच दोरा होता. बराच वेळ ती तो अंगठ्यानं चाचपत राहिली.

"दोन दिवस," ती म्हणाली. "दोन दिवस मी माझ्या पोराला खुनी म्हणतेय."

"चुकलो मी."

"मी तुम्हाला म्हटलं होतं, त्याला चष्मा नव्हता."

"म्हटलं होतं तुम्ही. मी घाईत होतो."

"घाई कसली होती? तो तर गेलाच होता."

मामा उंबऱ्याकडे बघत उभा राहिला. आईनं चष्मा पॅकिंगवाल्याच्या बायकोच्या हातात ठेवला, दोरीवरचा टॉवेल ओढून त्याची घडी घातली आणि तोही दिला.

"तिथलं कुलूप परत लावा," ती म्हणाली. "माझ्या मुलाचं कुलूप मी उघडणार."

तिघं कारखान्यात पोहोचले तेव्हा बाराला दहा कमी होते. कटरवाला वायर उलगडत होता, रंगवाले डबे घेऊन उभे होते आणि साहेब घड्याळाकडे बघत होते. मामानं सात नंबरचं दार लोटलं, कुलूप अडकवून दाबलं आणि चावी आईला दिली.

चावी फिरेना. सकाळी घाईत शेवटचे दोन हात राहून गेले होते. पॅकिंगवाल्याच्या बायकोनं ती जोर लावून फिरवली होती. मामानं चावी मागून घेतली आणि वाईसमध्ये धरली.

"मामा, बारा वाजले," साहेब म्हणाले.

"वाजू द्या."

एक हात. फुंकर. दुसरा हात. बोटानं चाचपून त्यानं चावी परत दिली. या वेळी ती लोण्यातून फिरावी तशी फिरली.

आईनं बूट बाहेर काढले. तळव्यांना वाळलेला चिखल होता. ती बाकावर बसली आणि नखानं चिखल काढू लागली. "धुऊन ठेवत जा म्हणून किती वेळा सांगितलं," ती म्हणाली. "ऐकायचाच नाही." त्या आईचा रडण्याचा आवाज त्या खोलीत पहिल्यांदाच आला, आणि पॅकिंगवाल्याची बायको तिच्या शेजारी जाऊन बसली.

साहेबांनी ऑफिसची वही काढली. "उरलेले दोन तरी तोडू ना?"

"तोडा. पण आत कुणाचं सामान आहे ते मला आधी सांगा."

साहेबांनी वही उघडली, नाव वाचायला तोंड उघडलं, आणि वही मिटली. कटरवाल्यानं कोणी न सांगताच वायर गुंडाळायला घेतली.

दुपारी बोलाबाईनं सगळ्यांना सभागृहात बोलावलं. मामा खुर्चीवर बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "त्या मुलाचे डोळे ठणठणीत होते. चष्मा दुसऱ्याचा. चूक माझी, त्याची नाही. आणि तुम्ही नेलेल्या वस्तूंमध्येही गोंधळ असेल. घरी जा, घेऊन या."

मग मागून एकजण चाचरत म्हणाला, "तो शर्ट... आमच्या भावाला आखूड झाला असता. मी तेव्हाच ओळखलं होतं."

"मग तेव्हाच तोंड का नाही उघडलं?" मामा ओरडला.

"मला वाटलं, तेवढं तरी मिळालंय, कशाला बोला."

"आखूड किती होता?" पलीकडे बसलेल्या एका बाईनं विचारलं. "कॉलरला ठिगळ होतं का?"

"होतं."

तिनं खुर्ची ओढून त्याच्यासमोर नेली. गोल मोडला. बोलाबाई काही म्हणायला उठत होती. मामानं तिला हातानं खाली बसवलं. आईजवळ जाऊन उभं राहायचं त्याच्या मनात होतं, पण धीर झाला नाही. दोन कुलपं बाकी होती. त्यानं मेणबत्ती खिशात घातली आणि कारखान्याकडे निघाला. या वेळी वही न घेता.