उमाशंकरअप्पांचा पासवर्ड

औशाजवळच्या खेड्यात उमाशंकरअप्पांचं किराणा दुकान होतं. भूकंपात दुकान गेलं, घर गेलं, धाकटा भाऊ गेला. त्या धांदलीत फुकट चादरी वाटायला एक माणूस आला. अप्पांच्या पाठीवरून हात फिरवला आणि जाताना ढिगाऱ्यातून उपसून ठेवलेली तांब्यापितळेची भांडी टेम्पोत घालून घेऊन गेला. तेव्हापासून 'फुकट' हा शब्द कानावर पडला की अप्पांच्या कपाळाला आठी पडायची.

पुढं लातुरात शिकवणी वर्गांचं पेव फुटलं, तिथल्याच एका गल्लीत त्यांनी झेरॉक्सचं दुकान टाकलं. पोरं तिथं निकाल बघायची, प्रवेशाचे फॉर्म भरायची. कॉम्प्युटरला मात्र सारखा व्हायरस लागायचा. शेवटी कॉलेजात शिकवणारे अंबरीश सर म्हणाले, "जुनी सिस्टिम काढून लिनक्स टाकून देतो अप्पा. फुकट असतं, आणि चोरीचंही नाही."

अप्पांनी नाइलाजानं मान हलवली. सरांनी ते टाकलं त्या दिवशी गल्लीतली टेलिफोनची लाइन बंद होती. दुसऱ्या दिवशी सकाळी लाइन आली, पण इंटरनेट काही लागेना.

"बघ, आधी फुकट द्यायचं, मग अडवायचं," अप्पा बायकोला, रत्नम्माला म्हणाले. "आता येतंय बघ दुरुस्तीला."

सर आलेच. मोडेमचे दिवे बघून म्हणाले, "लाइन ठीक आहे. कनेक्शनचा पासवर्ड जुन्या सिस्टिममध्ये साठवलेला होता, तो गेला. पुन्हा टाकावा लागेल."

हे हाय तर! अप्पांना वाटलं, चोर सापडला.

"पासवर्ड तुमाला कशाला पायजे?"

"मला नकोच. तुम्ही टाका." सर पाठ फिरवून रस्त्याकडं बघत उभे राहिले.

अप्पांनी समोरच्या काचेत कॉम्प्युटरचा पडदा दिसतो का, ते निरखलं. मग मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकला. आता हा माणूस काय करतो ते बघू!

सरांनी वायर काढून पुन्हा बसवली. मोडेम बंद-चालू केला. काळ्या पडद्यावर काहीबाही टाइप केलं. अप्पा खुर्चीला खेटून अक्षर न् अक्षर न्याहाळत होते, कळत काहीच नव्हतं. सर टेबलाखाली शिरले, शर्ट धुळीनं माखला. खोळंबलेली पोरं दुसरीकडं निघून गेली. सरांनी कॉलेजात फोन लावून रजा सांगितली. ठग असता तर आपली रजा घालवली नसती, असं अप्पांच्या मनात आलं. पण मोठा हात मारायचा असला तर घालवीलही!

"अप्पा, पलीकडून पासवर्ड नाकारला जातोय. नीट टाकला होता ना?"

"बोट घसरलं आसंल," अप्पा नजर चुकवत म्हणाले.

या वेळी खरा टाकला. लगेच निकालाचं पान उघडलं. सर नुसतेच हसले.

रत्नम्मानं चहा आणला. अप्पांना राहवेना. "सर, खरं सांगा. यात तुमचं काय?"

सर ओशाळले. "नांदेडला हे वापरणारे आम्ही बरेच जण होतो. रविवारी जमायचो. इथं आल्यापासून त्यावर बोलायलाच कुणी नाही. वाटलं, तुम्ही शिकलात तर एक सोबती होईल."

एवढ्यासाठी कुणी टेबलाखाली शिरतं, हे अप्पांना पटेना. पण तो मळका शर्ट त्यांना खोटंही म्हणू देईना.

संध्याकाळी त्यांनी सरांना फोन लावला. "नेट बेस चालू हाय. फकस्त त्यो पासवर्ड बदलायचा कसा? तुमी बघितला न्हाई, म्हाईत हाय मला. पण तरी."

सर खो खो हसले, मग सावकाश सगळं सांगत गेले. पासवर्ड बदलून झाल्यावर अप्पा म्हणाले, "रविवारी दुकान बंद आस्तंय. या, बसू."